पाठमोरी

आफ्रिकेतल्या गोऱ्यांच्या मळ्यावर घडणारा एक जुना प्रेमपट मी तीनदा पाहिला होता आणि तिन्ही वेळा रडले होते. परवा चौथ्यांदा पाहिला, तो आत्याबरोबर. आत्याचं बालपण नैरोबीतलं. माझे आजोबा तिथे रेल्वेत कारकून होते.

नायक-नायिका व्हरांड्यात निरोप घेत होते. सवयीने माझे डोळे भरून आले. आत्या मात्र त्यांच्याकडे बघतच नव्हती. त्यांच्या मागून एक काळी बाई गोऱ्या बाळाला पाठीशी बांधून, झुलवत निघून जाते. इतक्यांदा पाहूनही ती मला कधी दिसली नव्हती. तिच्याकडे बघता बघता आत्या गुणगुणू लागली.

ती आमच्या घरातली अंगाई होती. तिच्यावर आत्याने आम्हा भावंडांना निजवलं आणि मी माझ्या लेकीला. त्यातले अगम्य शब्द कुणीतरी गमतीने जुळवले असतील, असंच आम्ही समजत होतो.

"आमची आया म्हणायची गं हे," आत्या म्हणाली. "तिच्या पाठीवरच झोपायचे मी."

"नाव काय तिचं?"

आत्याने बराच वेळ आठवून पाहिलं. "आयाच म्हणायचो."

आता मी तेवढाच प्रसंग पुन्हा पुन्हा लावते. बाई वळत नाही. तिची स्वतःची मुलं तेव्हा कुणाच्या पाठीवर होती, कोण जाणे.

काल नातवाला थोपटताना तेच सूर ओठांवर आले.

"आजी, हे कुणी शिकवलं तुला?" त्याने विचारलं.

मी थोपटता थोपटता ते पुन्हा पहिल्यापासून गुणगुणू लागले.