मैसूनच्या खोलीतली थंड कॉफी

सदर कर्मचारी नामे मैसून अवाद, वय पन्नाशीपुढे, अविवाहित, हुद्दा विद्यार्थी समुपदेशक. बसण्याचे ठिकाण: विद्यार्थी कल्याण इमारत, तळमजला, जिन्याखालील खोली. कर्तव्ये: विद्यापीठातील विद्यार्थी, अध्यापक व सेवकवर्ग यांस मानसिक आधार पुरविणे, आणि आधार कोणास पुरविला याचा नावनिशीवार तपशील वरिष्ठांस सादर करणे. पहिल्या कर्तव्याबाबत तक्रार नाही. दुसऱ्याबाबत वेळोवेळी लेखी समज देण्यात आली असून तिचा परिणाम झाल्याचे आढळत नाही. गतवर्षीचे एकूण लाभार्थी: शून्य.

हे शून्य मैसूनने स्वतःच्या हाताने भरलेलं होतं. आकड्यापुढे नावं लिहिल्याशिवाय आकडा मान्य होत नाही, असा नियम. नावं ती देत नसे. मग नियमाप्रमाणे कुणी आलंच नव्हतं. सरकारी हिशेबाने ती इतकी वर्षं जिन्याखाली एकटीच बसून होती, आणि या हिशेबाला तिची काही हरकत नव्हती.

उत्तरेकडच्या त्या गावात हिवाळा हाडात शिरतो. मैसूनच्या खोलीत एक रॉकेलची शेगडी होती, शेगडीवर कॉफीची किटली, आणि दाराला जाड लाकूड. हे दार पूर्वी कोठीघराचं होतं. पोतीच्या पोती आत राहायची नि आवाज बाहेर यायचा नाही, म्हणून तिने हीच खोली मागून घेतली होती. "मला मदत हवी आहे" असं म्हणत या गावात कुणी कुणाचं दार ठोठावत नाही. "काय गारठा पडलाय हो मावशी आज!" असं म्हणत ठोठावतात. मे महिन्यातसुद्धा. मैसून काही न बोलता बिनकानाच्या छोट्या पेलीत वेलदोड्याची कडू कॉफी ओतून पुढे करायची. ज्याला खरोखर फक्त कॉफी हवी असे तो दोन घोटांत पेली रिकामी करून जायचा. ज्याला बोलायचं असे तो पेली तशीच समोर ठेवायचा.

हे तिला कुठल्या विद्यापीठाने शिकवलं नव्हतं. त्या मुलखात मुलगी मागायला आलेले लोक असोत की खुनाची माफी मागायला आलेले, यजमानाने दिलेली पेली न पिता खाली ठेवतात. म्हणजे पदरात काही पडल्याशिवाय आम्ही उठत नाही. यजमानाने मग म्हणायचं, "कॉफी घ्या, तुमचं काम झालं समजा." असं न म्हणता पाहुण्याची कॉफी थंड होऊ देणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. निदान तोपर्यंत तसं मानलं जाई.

अबू हायल आला तो परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात. लाल चौकड्यांचा रुमाल डोक्याला, पांढऱ्या मिशा, लष्करातून निवृत्त होऊनही पाठीचा कणा सेवेत असलेला. कुतैबा त्याच्या भावाचा मुलगा. भाऊ गेल्यावर पोराला यानेच वाढवलं, इंजिनियर होशील म्हणून इथे पाठवलं. कुतैबा जिन्याखाली जातो ही बातमी त्याला फाटकावरच्या रखवालदाराने पोचवली होती. रखवालदार त्यांच्याच गावचा.

"पोरगा तुमच्याकडे येतो म्हणे," अबू हायल बसत म्हणाला.

"थंडी आहे. बरेच जण येतात."

"काय बोलतो तो?"

"कॉफी घ्या काका."

त्याने पेली हातात घेतली, तिच्याकडे पाहिलं आणि पेली टेबलावर ठेवली. अगदी हळू. आवाजसुद्धा होऊ दिला नाही.

मैसूनला त्याचा अर्थ कळला. ती याच मातीतली. तिच्या आजोबांनी असल्या एका पेलीपायी ऑलिव्हची आख्खी बाग सोडून दिली होती आणि घरात त्या बागेची गोष्ट अजूनही अभिमानाने सांगत. तिने फक्त ते चार शब्द म्हणायचे, की मग पोराचं सगळं सांगून टाकावं लागलं असतं. कुतैबा त्या खुर्चीत बसून काय बोलला होता? ते तिने कुणाला सांगितलं नाही, त्यामुळे इथेही ते यायचं नाही. एवढं खरं की ते घरी कळलं असतं तर पोराला तिसऱ्या दिवशी गावात नेऊन मामाच्या टायरच्या दुकानात बसवलं असतं. आणि चौथ्या दिवसापासून जिन्याखाली कुणालाच थंडी वाजली नसती.

"बहिणी, कॉफी निवतेय," अबू हायल म्हणाला.

"दिसतंय मला."

"मी पाहुणा आहे तुमचा."

"डोक्यावर घेईन पाहुण्याला. जेवायला या, कोकरू कापते. पण या खोलीत जे बोललं जातं ते माझं नाही, मग मी ते तुम्हाला देऊ कशी?"

"मी त्याचा बाप आहे!"

"काका आहात. चांगले काका आहात, म्हणूनच इतक्या थंडीत आलात."

तो बसून राहिला. तीही बसून राहिली. पेलीवरची वाफ आधी बारीक झाली, मग गेली. वर साय धरावी तसा पातळ तवंग आला. अखेर अबू हायल उठला, रुमाल सारखा केला आणि दारातून मागे वळून म्हणाला, "माझ्या आयुष्यात असं झालं नव्हतं."

"माझ्याही," मैसून म्हणाली.

दुपारपर्यंत बातमी सगळ्या इमारतीत झाली. विद्यार्थी कल्याणाचे प्रमुख डॉक्टर फव्वाज यांनी तिला बोलावलं तेव्हा ते खरोखरच हादरलेले दिसत होते. एरवीसारखं अदबीने 'सित्त', म्हणजे बाईसाहेब, म्हणायला मात्र विसरले नाहीत.

"सित्त मैसून, तुमच्यावर पोलिसात फिर्याद झाली असती तरी मी निस्तरली असती. चौकशी लागली असती, ती दाबली असती. पण कॉफी? लोकांना काय तोंड दाखवू मी? त्या माणसाच्या जमातीतले निम्मे लोक आपल्याकडे नोकरीला आहेत!"

"निम्म्यांना वाईट वाटेल. उरलेल्या निम्म्यांची मुलं इथे शिकतात."

"तुम्ही असं अवघड बोलू नका. उद्या तो येतोय. तुम्ही माफी मागायची. आणि यापुढचा प्रश्नच मी मिटवून टाकलाय." त्यांनी नव्या आदेशाचा मसुदा दाखवला. समुपदेशकाकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी त्याच दिवशी कळविण्यात यावे. खोलीच्या दारास काच बसविण्यात यावी.

"काच कशाला?"

"पारदर्शकता."

"बरं. मग ती पहिली तुमच्या दाराला बसवा. तुम्ही दुपारी जेवणानंतर काय करता ते सगळ्यांना पारदर्शक दिसेल."

डॉक्टर फव्वाज जेवणानंतर झोपत. त्यांनी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी अबू हायल डॉक्टर फव्वाजांच्या खोलीत आला तेव्हा सोबत कुणी नव्हतं. मैसून आधीच येऊन बसली होती, इस्त्रीचा कोट घालून, लग्नाला निघाल्यासारखी. अबू राकान हा कचेरीचा जुना शिपाई डाव्या हातात किटली आणि उजव्या हातात पेल्या घेऊन आत आला. त्याने आधी अबू हायलला ओतली. अबू हायलने पेली खाली ठेवली.

डॉक्टर फव्वाज तोंड उघडणार, इतक्यात अबू राकानने मैसूनला ओतली. मैसूननेही पेली खाली ठेवली.

खोलीत कुणी हलेना. बाईमाणसाने पेली ठेवायची हे ऐकिवात नव्हतं, पण ठेवू नये असंही कुणी कधी सांगितलं नव्हतं. अबू राकान किटली धरून तसाच उभा. पाहुण्यांच्या पेल्यांचं काय ते ठरल्याशिवाय ओतणाऱ्याने जायचं नसतं. तो हळूच म्हणाला, "डॉक्टर, मला संधिवात आहे."

डॉक्टर फव्वाज एकदा या पेलीकडे बघत, एकदा त्या. दोघंही त्यांच्याच खोलीत बसलेले पाहुणे. याला "घ्या" म्हणावं तर जिन्याखालच्या खोलीचं दार उघडतं, तिला म्हणावं तर बंद होतं. बाहेरच्या देशातून आणलेली त्यांची पदवी भिंतीवर होती, तिचा या कामी उपयोग नव्हता.

"सित्त मैसून," ते केविलवाणे म्हणाले, "तुम्ही घरच्याच. पाहुण्याचं आधी होऊ द्या."

"घरची असते तर मसुदा काढण्याआधी विचारलं असतंत. मी पाहुणीच."

"माफी मागायची ठरलं होतं आपलं."

"तुमचं ठरलं होतं." ती अबू हायलकडे वळली. "काका, कॉफी थंड झाली त्याचं मला रात्रभर वाईट वाटलं. पण आज परत तुम्ही पेली ठेवलीत तर ती परत थंड होईल. उद्या आलात तर उद्याही. मला काढून टाकलं तर घरी या, तिथेही होईल."

अबू हायलचा चेहरा लाल झाला. मग तो लाल रंग हळूहळू उतरला आणि खाली नुसता एक थकलेला म्हातारा उरला. हात मांडीवर घट्ट दाबलेले.

"मला त्याचं गुपित नको," तो म्हणाला. आवाज कचेरीत बोलण्याचा नव्हता. "चार महिने झाले, पोरगा घरी येतो, ताटावर बसतो, भाताला हात लावत नाही. त्याचा बाप असाच करायचा. शेवटी शेवटी. एवढंच सांग बहिणी, पोर जिवाचं काही करून घेणार नाही ना?"

डॉक्टर फव्वाज खिडकीबाहेर बघू लागले.

मैसूनने खुर्ची त्याच्याकडे वळवली. मग म्हणाली, "पोराचं मी सांगणार नाही. माझा नियम सांगते, तो माझा आहे. कुणाच्याही जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसत नाही. मुलाला सांगून, त्याच्यासमोर, त्याच दिवशी घरच्यांना बोलावते. आजवर कधी चुकलं नाही." ती थांबली. "काका, तुम्हाला मी बोलावलं होतं का?"

अबू हायलचे मांडीवरचे हात सैल पडले.

"नाही," तो म्हणाला. "रखवालदाराने बोलावलं."

"हं."

त्याने रुमालाच्या टोकाने नाक पुसलं. मग पेली उचलली, एका घोटात संपवली आणि बोटांत डुलवून अबू राकानकडे दिली. म्हणजे पुरे. डॉक्टर फव्वाजांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मसुद्यावर सही करायला पेन उघडलं.

"डॉक्टर," अबू हायल उठता उठता म्हणाला, "बाईंची कॉफी निवतेय."

"अं?"

"तुमच्या घरात पाहुण्याची कॉफी निवतेय. मी काल बघितलंय, दिसायला चांगलं दिसत नाही. आमच्याकडचे लोक विचारतील मला, काय झालं म्हणून. मी खोटं बोलत नाही."

आणि तो उभाच राहिला, कणा ताठ. अबू राकानही उभाच होता.

डॉक्टर फव्वाजांनी पेन मिटलं. "घ्या, सित्त मैसून. कॉफी घ्या."

"काम झालं समजू?"

"घ्या हो!"

"पुढचं वाक्य राहिलं."

"झालं समजा," ते दातांतून म्हणाले.

मैसूनने पेली उचलली. कॉफी पार गार झाली होती, गाळासकट. तिने ती चेहरा न हलवता संपवली आणि पेली डुलवली. दारातून बाहेर पडता पडता अबू हायलने विचारलं, "त्या तुमच्या खोलीत म्हाताऱ्यांना येता येतं का?"

"थंडी वाजत असेल तर," ती म्हणाली.

त्यानंतर कोण आलं, कोण आलं नाही, लाल चौकड्यांचा रुमाल गुरुवारी जिन्याखाली दिसला तो कुणाचा, याची नोंद नाही. दाराला काच बसली नाही. रखवालदाराची बदली मागच्या फाटकावर झाली, तिथे बातम्या कमी असतात. वर्षअखेरीचा अहवाल वेळेत सादर झाला. समुपदेशन विभाग, एकूण लाभार्थी: शून्य. त्याच अहवालात पुढे भांडारविभागाचे पान आहे. त्या वर्षी सबंध इमारतीत सर्वांत जास्त कॉफी जिन्याखालच्या खोलीत लागली.