खाणीतलं पाणी उलटलं

मी समुद्राच्या पाण्याचा अभ्यास करते. धाकट्या भावाची कंपनी बंद पडली, तेव्हा त्याने उर्से गावाबाहेरच्या, पाण्याने भरलेल्या बंद दगडखाणीत कटला माशाची पिल्लं सोडली. खाण खोल, चारी बाजूंनी उभे कडे. मासे काही वाढेनात. पाणी हिरवं व्हावं म्हणून तो शेण टाकत होता, तरी पाणी नितळच. शेवटी त्याने मला बोलावलं.

भर उन्हाळ्यात मी बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी लावली आणि तळाचं पाणी काढलं. वरचं पाणी कोमट होतं. तळातलं गार, काळपट. त्याला सडक्या अंड्यांचा वास येत होता. मी भावाला सांगितलं, तापलेलं हलकं पाणी वर बसून राहतं, कड्यांमुळे वारा लागत नाही, म्हणून दोन्ही थर मिसळत नाहीत. शेणाचा कस तळाला जातो, उजेड मात्र वरच. कटला ज्या बारीक जिवांवर जगतो, ते मग वाढणार कशावर?

मोटार लावून खालचं पाणी वर घेऊ का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं. त्या पाण्यात प्राणवायूच नव्हता. आधी हवा सोडणारं यंत्र हवं होतं. त्याने ते आणलंही, पण विजेची जोडणी मिळेपर्यंत हिवाळा आला.

थंडी कडाक्याची पडली, त्यात वारा सुटला. वरचं पाणी गारठून जड झालं आणि खाली गेलं, तळातलं प्राणवायू नसलेलं पाणी वर आलं. एका सकाळी वहिनीचा फोन आला. मी पोचले तेव्हा पाणी गढूळ झालं होतं आणि सगळीकडे पांढरी पोटं तरंगत होती. भाऊ खाणीत उतरणाऱ्या जुन्या वाटेवर गुडघाभर पाण्यात उभा राहून मासे टोपलीत भरत होता.

"मंजी माशांचं खायाचं वर आलं हुतं?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणाले.

त्याने भरलेली टोपली काठावर रिकामी केली. वहिनी कडेला बसून रडत होती. मला तिच्याजवळ जाववेना.

भाऊ आता गोदामात रात्रपाळी करतो. मी घोरावाडी स्टेशनवरून गाडी धरून कामावर जाते. समुद्राचं वरचं पाणी तापत चाललंय, थर घट्ट होतोय, खालचा कस वर यायला वारा पुरत नाही. त्यावर मी लिहिते, बोलते. परवा भावाने विचारलं, समुद्राला काय यंत्र लावणार?