पाचूबंदरातला कोरिया

"रोगाला नाव मिळाले की अर्धा रोग तिथेच बरा होतो," असे डॉक्टर दातार चर्चगेटला म्हणाले. भाईंदरच्या खाडीवरून गाडी जाताना पुन्हा म्हणाले आणि वसई रोडला टांग्यात बसताना आणखी एकदा म्हणाले. उरलेल्या अर्ध्याचे काय, असे मी टांगा हलल्यावर विचारले. या रोगावर औषध नाही, असे सांगून त्यांनी हॅट सारखी केली.

मी बरोबर होतो तो ओळखीपुरता. वसईच्या शाळेत मी काही वर्षे मास्तरकी केली होती आणि पाचूबंदरचा इनास तांडेल (मचव्यावर सुकाणू धरणारा मुख्य कोळी) तेव्हापासूनचा माझा स्नेही. दोन वर्षांपासून त्याचे हातपाय आपोआप हलू लागले होते. तो चालताना झोकांड्या खाई. दारूबंदीचे दिवस, गावाने काय ते ठरवले आणि सुकाणू काढून घेतले. मी त्याला मुंबईला डॉक्टरांना दाखवले होते. निदान झाले होते, पण ते रोग्याच्या घरी जाऊन, सर्व कुटुंबासमोर सांगावे अशी डॉक्टरांची इच्छा होती. पुढे एका परिषदेत निबंध वाचायचा होता, त्यासाठी इनासच्या आईची हकीकतही त्यांना हवी होती.

सांडोरच्या केळीच्या बागांमधून रस्ता जातो. एका विहिरीवर रहाटाला जुंपलेला रेडा गोल फिरत होता. त्याला कुठे पोचायचे नव्हते. मला त्याचा हेवा वाटला. पुढे किल्ला दिसताच डॉक्टर मराठ्यांच्या पराक्रमावर बोलू लागले, तसा टांगेवाल्याने घोडा पिटाळला. हे व्याख्यान त्याने बरेचदा ऐकले असावे.

पाचूबंदराला बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. डॉक्टरांची हॅट त्यांतल्या एका रांगेला अडकली. ती सुटली, पण तिथपासून इनासच्या दारापर्यंत दोन मांजरे आमच्यामागे आली.

इनासची बायको नताल हिने आधी जेवायला वाढले. निदान आधी की जेवण आधी, यावर डॉक्टरांचे मत वेगळे होते, पण नतालने ते विचारले नाही. तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचे तिखटजाळ कालवण. इनासचा घास तोंडापर्यंत जाताना वाटेत दोनदा दिशा बदलत होता. मुलगी रोजी न बोलता त्याची थाळी हाताने धरून बसली होती. उपासाचे दिवस (ईस्टरच्या आधीचा ख्रिस्ती लोकांचा व्रताचा काळ, त्यात लग्ने होत नाहीत) लागण्याआधी तिचे लग्न होते, अर्नाळ्याच्या आंतोनशी.

हात धुऊन डॉक्टर उभे राहिले.

"आपणास कोरिया आहे," ते म्हणाले.

इनास माझ्याकडे वळला. "कोरिया? मास्तर, तो पेपरात येतो तो? तिकडं लढाई चाललीय ना?"

"तो नव्हे," डॉक्टर म्हणाले.

"मी तर आयुष्यात दमनच्या पुढं गेलो नाय," इनास म्हणाला. "माझ्यापरयंत आला कसा?"

नताल म्हणाली, "तीन सालांमागं मुंबयच्या गोदीत गेला होता तुमी. तिथनंच आनला."

शेवटी मी मध्ये पडलो. हा शब्द ग्रीक, त्याचा अर्थ नाच, हा रोग अंगाला नाचवतो, असे सांगितले.

"आमची आय नाचतच मेली," इनास म्हणाला. "भूत लागलं म्हनून तिला अंगारे लावले, माराय पन बोलावली मानसं. म्हंजे भूत नव्हतं?"

"नव्हते."

"आनी माझी दारू?"

"दारूशी काही संबंध नाही," डॉक्टर म्हणाले. इतके सोपे त्यांनी त्या दिवसात दुसरे काही सांगितले नाही.

इनासचा चेहरा उजळला. औषध आहे का, हे त्याने विचारलेही नाही. "नताल, ऐकलंस? चला मास्तर, देवळाच्या पायरीवर उभं राहून सांगा गावाला. पोलीस येऊन माझं तोंड हुंगून गेले, फादरनी दारू सोडायची शपथ घ्यायला लावली. सांगा सगळ्यांना, इनास पीत नाय!"

तो उठला, धडपडला, मी सावरले. डॉक्टरही बॅग घेऊन निघाले. इथले ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतात; त्याच्या पायऱ्यांवरून बोलायची कल्पना त्यांना आवडलेली दिसली.

"आजीला होता, बाबाला हाय," रोजी मागून म्हणाली. "मग मना?"

डॉक्टरांनी बॅग खाली ठेवली. मुलांपैकी साधारण निम्म्यांना होतो, असे ते म्हणाले.

"आमची पोर एकच हाय," नताल म्हणाली. "निम्मी कशी होईल?"

"म्हणजे होईल किंवा होणार नाही," मी म्हणालो.

"एवढं तर आमालापन सांगता आलं असतं."

इनास परत खाली बसला. मग म्हणाला, "गावाला कळलं तर अर्नाळेवाले येतील का मांडवात?"



"आंतोनला मी सांगेन," रोजी म्हणाली. "आजच. त्याला नको असला तर नको. पन गावाला कशाला?"

एवढ्यात मुंबईचा मोठा डॉक्टर आलाय हे ऐकून फादर दारात आले. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. दोघेही आदरणीय असल्यामुळे त्याला वेळ लागला.

"मग, काय निघालं?" फादरनी विचारले.

डॉक्टरांनी घसा साफ केला. रोग्याचे गुपित फोडायचे नाही, ही धंद्याची शपथ त्यांनी सकाळीच गाडीत मी न विचारता ऐकवली होती. मी हळूच म्हटले, "शपथ." ते थांबले. इतक्या कष्टाने गप्प राहिलेला माणूस मी पाहिलेला नाही.

इनास खांबाला धरून उभा राहिला. "दारूच फादर," तो म्हणाला. "तुमी म्हनत होता तेच." आणि त्याच क्षणी त्याला झोकांडी गेली.

"बघा," फादर आमच्याकडे वळून म्हणाले. त्यात दुःख होते, पण आपले खरे ठरल्याचे समाधान थोडे जास्त होते.

परतीच्या गाडीत डॉक्टर नावाविषयी काही बोलले नाहीत. मीही दमलो होतो. नाव मिळाल्याने अर्धा रोग बरा होतो की नाही, मला माहीत नाही. इनासपुढे दोन नावे होती. एक खरे होते आणि ते मुलीच्या वाट्याला जाणार होते. दुसरे खोटे होते आणि त्याच्याबरोबर संपणार होते. त्याने दुसरे घेतले.

आंतोनने ऐकून घेतले, एक दिवस समुद्रावर काढला आणि लग्नाला होकार कायम ठेवला. मी लग्नाला गेलो होतो. दारूबंदी असूनही मांडवामागे पिंपे होती आणि वऱ्हाड यथास्थित प्यायले. थेंब न घेतलेला एकटा इनास, आणि रात्री दोघांनी धरून घरी नेला तो तेवढाच.