नुसते हात हलतात

चार्जरची पिन भोकात बसली म्हणजे चार्जर त्याच यंत्राचा, असं मानणारी माणसं जगात आहेत, म्हणून माझं दुकान चालतं. मी जळलेले बोर्ड दुरुस्त करते. खरं तर या माणसांचे मी आभार मानायला हवेत. पण मला त्यांचा राग येतो, आणि माझं तोंड फटकळ आहे हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. बाईंच्या भाच्याला ते ठाऊक नव्हतं. त्याला मी ते नीट कळू दिलं.

बाई म्हणजे बहिऱ्या मुलांच्या शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षिका. स्वतःही जन्मापासून बहिऱ्या. साठी उलटलेली, ताठ कणा, आखूड कापलेले पांढरे केस, आणि हसल्या की दुकानाच्या बाहेर ऐकू जाईल असं हसणं. दुकानात शिरल्या तेव्हा अर्थात त्या हसत नव्हत्या. रुमालात गुंडाळलेली एक हार्ड डिस्क त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून बसल्या. बोलला तो भाचा.

"ताई, हिचं काही होणार नाही, मला माहितीये. पण मावशीची समजूत पटायला हवी ना. तुम्हीच सांगा तिला, गेली म्हणून."

"गेली कशी ते आधी सांग."

"डिस्कचा चार्जर सापडत नव्हता. मी लॅपटॉपचा लावला. पिन अगदी बरोबर बसली हो! आणि एकदम धूर."

बारा व्होल्टवर चालणारी बिचारी डिस्क, तिला यानं एकोणीस पाजले. वर पिनेची तक्रार करतोय! आणि हा संगणकाच्याच कंपनीत नोकरीला. मी विचारलं, "काय होतं हिच्यात?"

"काही नाही हो. मावशीचे जुने व्हिडिओ. म्हातारी माणसं बसलीयेत. आवाजसुद्धा नाही त्यात. नुसते हात हलतात."

उचलली जीभ लावली टाळ्याला. तीही त्या बाईंच्या देखत, ऐकू येत नाही म्हणून. पण बाईंची नजर सगळा वेळ त्याच्या ओठांवर होती. त्यांनी फोनवर काहीतरी लिहिलं आणि पडदा माझ्याकडे फिरवला. मोठ्या अक्षरांत होतं: 'तो काय म्हणाला ते मला कळलं. तुम्ही तुमचं सांगा.'

मला ही बाई तिथेच आवडली.

त्या हातांची गोष्ट बाईंनी मला नंतर लिहून सांगितली. त्यांच्या लहानपणी शाळेत खुणा करायला बंदी होती. बहिऱ्या मुलांनी ओठ हलवून बोलायला शिकायचं. हात हलला की हातावर पट्टी. मग मुलं वसतिगृहात, पांघरुणाखाली, न्हाणीघरात आपल्या आपल्या खुणांनी बोलायची. प्रत्येक वसतिगृहाची बोली वेगळी. ती कुठल्या पुस्तकात नाही, कारण ती चोरून बोलायची बोली होती. बाईंनी कॅमेरा घेतला आणि त्या पिढीतल्या पन्नास जणांना एकेक करून शोधून, समोर बसवून, बोलतं केलं. कुणी सुतार, कुणी शिंपीण, कुणी छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी. त्यातली बहुतेक आता या जगात नाहीत. पट्टी मारणाऱ्या मास्तरांसाठी मुलांकडे एक खूण होती: दोन बोटांनी नाक चिमटायचं आणि मग बोटं झटकायची. ती करून दाखवताना बाई मनापासून हसल्या. जुळारीबुवांनी खोटं बोलण्याच्या सहा तऱ्हांना सहा खुणा सांगितल्या होत्या. त्यातल्या दोन बाईंना आठवत होत्या. बाकीच्या चार त्या डिस्कमध्ये होत्या आणि दुसरीकडे कुठेही नव्हत्या.

आणि हा म्हणतो, नुसते हात हलतात! आपण बोलतो तेव्हा नुसती जीभच हलते की.

मी डिस्क उलटी केली. खालचा हिरवा बोर्ड कोरा करकरीत. जळलेल्याची खूण नाही.

"हा बोर्ड कुणी बदलला?"

"चौकातल्या शोरूमनं. सेम मॉडेलचा बोर्ड टाकला. डिस्क फिरते, पण टकटक आवाज करते. ते म्हणाले, आतूनच गेलीये."

"आणि जुना बोर्ड?"

"टाकला असेल त्यांनी. जळलेलाच होता ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फार पूर्वीच्या डिस्कना असा दुसरा बोर्ड चालायचा. तेव्हाची सवय काही लोकांच्या हातातून अजून जात नाही. आता प्रत्येक बोर्डावर आठ पायांची एक बारकी चिप असते आणि तिच्यात त्या एकाच डिस्कची मापं भरलेली असतात. दोन चष्म्यांच्या फ्रेम सारख्या असल्या तरी नंबर ज्याचा त्याचा असतो, तसं. बोर्ड जळला तरी ती चिप बहुधा वाचते. ती काढून नव्या बोर्डावर बसवायची, एवढंच काम. शोरूमवाल्यानं दुसऱ्याचा चष्मा डोळ्यांवर चढवला, दिसेना म्हणून रोग्याला आंधळा ठरवलं आणि त्याचा स्वतःचा चष्मा केरात टाकला.

"आत्ता उठायचं आणि तो बोर्ड शोधायचा," मी म्हटलं.

"मला मीटिंग आहे," भाचा म्हणाला. "आणि मावशीला नवीन डिस्क घेऊन देतोय ना मी. हिच्या दुप्पट मोठी."

दुप्पट मोठी! घर जाळायचं आणि वर मोठं कुलूप भेट द्यायचं. तो गेला. मी दुकानाला कुलूप लावलं आणि बाईंना घेऊन निघाले. रस्त्यात त्या माझ्या पुढे चालत होत्या.

शोरूममध्ये थंडगार हवा, काचेचं काउंटर आणि त्यामागे गळ्यात पट्टा घातलेला साहेब. आम्ही कशासाठी आलोय ते मी सांगितलं. तो बाईंकडे बघून मला म्हणाला, "यांना समजावा ना जरा. डिस्क मेलीये. का यांना काही कळत नाही?"

"बहिऱ्या आहेत, खुळ्या नाहीत. जुना बोर्ड कुठाय?"

"मॅडम, आम्ही रोज किती बोर्ड बदलतो! भंगारवाला येतो आणि घेऊन जातो."

"आला होता का?"

तो घुटमळला. नजर मागच्या दाराकडे गेली. मी ते बघेपर्यंत बाई त्या दारातून आत गेल्यासुद्धा. साहेब ओरडत राहिला, "अहो, आत जायचं नाही!" आणि मला इतक्या रागातही हसू आलं, कारण ओरडत कुणावर होता तो! बाई पुठ्ठ्याचा एक खोका छातीशी धरून बाहेर आल्या आणि त्यांनी तो काचेच्या काउंटरवर सरळ उपडा केला. बोर्डांचा ढीग पडला. दोन गिऱ्हाइकं बघत उभी राहिली.

"हे चालणार नाही," साहेब म्हणाला.

"तुमच्याकडे आलेल्या प्रत्येक माणसाचा बोर्ड इथे पडलाय," मी गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, "आणि प्रत्येकाला तुम्ही सांगितलंत, डिस्क मेली. यातल्या किती खरंच मेल्या होत्या?"

आमच्या डिस्कच्या मॉडेल नंबराशी जुळणारे, पिवळट काळा डाग पडलेले बोर्ड वेगळे काढून आम्ही घेऊन आलो. ते तीन-चार निघाले, आणि त्यातला आमचा कुठला ते कोणत्याच बोर्डावर लिहिलेलं नव्हतं.

मग दुसरा मार्ग नाही. गरम हवा मारायची, चिप सुटली की चिमट्यानं उचलायची, चांगल्या बोर्डावर बसवायची, डिस्क जोडून बघायची. चुकली की पुन्हा. हवा थोडी जास्त लागली तर चिप मेली, आणि तीच आपली असली तर जुळारीबुवा दुसऱ्यांदा मेले. त्या दिवशी मी मधे दोनदा उठून पाणी प्यायले.

बाईंनी डिस्कवर तळहात ठेवला होता. पहिली चिप बसवून मी वीज दिली. मी कान देऊन ऐकत होते, पण माझ्याआधी बाईंनी मान हलवली. टकटक त्यांना हातातून कळली. दुसऱ्या वेळी तेच. मला खरंच रडू यायला लागलं होतं, रागानं. एका माणसाला पिन बसली एवढं पुरलं, दुसऱ्याला मॉडेल सारखं एवढं पुरलं, आणि पन्नास माणसांची बोली इथे माझ्या चिमट्याच्या टोकाला लोंबकळतेय.

तिसऱ्या वेळी बाईंचा हात तसाच राहिला. मग त्यांनी माझं मनगट धरून माझा तळहात डिस्कवर ठेवला. आत काहीतरी एकसारखं, शांत फिरत होतं. पडद्यावर फोल्डर उघडले. बाई हसल्या तशी पलीकडच्या दुकानातली माणसं डोकावून गेली.

आधी सगळ्या व्हिडिओंची नक्कल दुसऱ्या डिस्कवर करायला लावली. ती होईपर्यंत भाचा आला, बाईंना घरी न्यायला.

"बघ मावशी! आलं ना परत? उगाच जिवाला घोर लावून घेतलास."

मी काही बोलणार होते, पण बाईंनी मला हातानंच थांबवलं. त्यांनी सगळ्यात जुना फोल्डर उघडला आणि एक व्हिडिओ लावला. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर बसलेला पाच-सहा वर्षांचा मुलगा, दात पडलेला. तो कॅमेऱ्याकडे बघून खुणांनी काहीतरी सांगत होता, इतक्या झपाझप की मला एकही खूण पकडता येईना. मधेच दोन बोटांनी नाक चिमटून झटकत होता. कॅमेरा हलत होता, कारण तो धरणारं माणूस हसत होतं.

भाचा जवळ आला. वाकला.

"हा मीच ना?" तो म्हणाला. "आई गेल्यावर मी मावशीकडे आलो, तेव्हाचं असेल." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतोय मी?"

मला विचारत होता! बाईंना ओळखून मला जेमतेम एक दिवस झाला होता.

मी बोटानं बाई दाखवल्या. त्यानं खिशातून फोन काढला, लिहायची खिडकी उघडली आणि त्यांच्यापुढे धरला. "मावशी, लिही ना. काय सांगत होतो मी?"

बाईंनी फोन घेतला नाही. व्हिडिओ पहिल्यापासून लावला, आपली खुर्ची फिरवून त्याच्या समोर बसल्या, आणि त्या मुलाची पहिली खूण आपल्या हातांनी करून दाखवली. सावकाश. मग थांबल्या, त्यानं ती करावी म्हणून.