आमच्या लॅबमधली ऊब

एकट्या माणसाकडे किस्से लवकर साठतात. घडतात सगळ्यांकडेच, पण घरी माणसं असली की ते संध्याकाळच्या जेवणाबरोबर सांगून संपतात. माझी बायको साताऱ्यात बँकेत, आणि मी इकडे आटपाडीच्या बाजूला एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. खोलीवर गेलं की ऐकायला कुणी नाही, त्यामुळे माझ्याकडे बराच स्टॉक शिल्लक आहे. त्यातले उष्णतेचे तेवढे सांगतो.

*

उष्णता आणि तापमान यांतला फरक दरवर्षी नव्यानं शिकवावा लागतो. कपभर वाफाळत्या चहाचं तापमान जास्त, पण हंडाभर कोमट पाण्यात एकूण उष्णता जास्त. फळ्यावर कप काढला, हंडा काढला.

वैशाली म्हणून एक मुलगी आहे. घरची मेंढरं, वडील अजून कळपामागं फिरतात. ती उठली. "म्हंजे सर, एकलं मेंढरू कितीबी धडधाकट असू द्या, थंडीत काकडतंयच. कळपात शिरलं की मग न्हाई. तसंच व्हय?"

म्हटलं, "अगदी तसंच नाही, पण जवळपास आलीस."

ती खाली बसली, मग पुन्हा उठली. "सर, तुमी हितं एकलंच ऱ्हाता व्हय?"

मी फळा पुसायला घेतला.

*

आमचे लॅब अटेंडंट तात्या. रिटायरमेंटला आलेले, बोलणं कमी. प्रॅक्टिकल परीक्षेत एका पोराचं अंग तापलं. ऑफिसातला तापाचा थर्मामीटर फुटलेला. तात्यांनी सरळ लॅबमधला उचलला, पोराच्या काखेत धरला, थोड्या वेळानं काढला आणि खिडकीच्या उजेडात नेला. मग खिसे चाचपून चष्मा शोधला, फडक्यानं पुसला, डोळ्यावर चढवला.

"सर, ताप कुठला? नॉर्मलच्या बी लय खाली हाय."

मी समजावलं, "तात्या, डॉक्टरच्या थर्मामीटरमधला पारा बाहेर काढला तरी जागेवर थांबतो. आपल्यातला लगेच उतरतो. आपला अंगाला लावूनच वाचायचा असतो."

तात्यांनी थर्मामीटर उलटासुलटा करून बघितला. "म्हंजे डॉक्टरचं ध्यानात ठेवतंय, आणि आपलं हात सुटला की इसरतंय." जरा थांबून म्हणाले, "आपलंच बरं म्हणायचं."

पोराला गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. चांगला सणसणून ताप निघाला.

*

बायकोचा रोज संध्याकाळी फोन येतो. सुरुवात ठरलेली. "अहो, तिकडं आज किती होतं?" मी म्हणायचो, "बेचाळीस." ती म्हणायची, "बाई गं. आमच्याकडं बरं आहे, डोंगरावरनं वारं येतंय." मग पत्रा किती तापला, जेवलात का, ताक घेता का, असं बोलणं पुढं सरकायचं.

या उन्हाळ्यात तिनं नवा मोबाईल घेतला. एक दिवस फोनवर म्हणाली, "आता तुम्हाला विचारायला नको. तुमच्या गावचं तापमान मला इथंच दिसतं."

मग पुढचं वाक्य कुठून काढायचं ते कुणालाच सुचेना.

शेवटी मी म्हणालो, "त्याचं काही खरं नाही. इथं त्याच्यापेक्षा दोन डिग्री जास्तच असतं. तू आपली विचारत जा."

*

आणि हा एक.

पाणी गार होण्याचं प्रॅक्टिकल होतं. कॅलरीमीटर म्हणजे तांब्याचं छोटं भांडं. त्यात गरम पाणी घ्यायचं आणि तापमान कसं उतरतं ते लिहीत जायचं. दुपारी पोरं घरी गेली. तात्या भांडी गोळा करत होते. एका भांड्यातलं पाणी अजून कोमट होतं.

"सर, सुरवातीला भराभरा उतरतंय. मागनं का अडून बसतंय?"

म्हटलं, "खोलीपेक्षा फार गरम असतं तेव्हा उष्णता पटकन जाते. खोलीच्या जवळ आलं की वेग मंदावतो. शेवटच्या एक-दोन डिग्रींना सगळ्यात जास्त वेळ लागतो."

तात्या स्टुलावर बसले. त्यांची बायको गेल्या थंडीत वारली होती. दिवसकार्य उरकून ते कामावर आले, तेव्हा आम्ही सगळ्यांनी खांद्यावर हात ठेवला होता, त्यापुढं विषय गेला नव्हता.

"मालकीण गेली त्या दिशी," भांड्याकडं बघत ते म्हणाले, "मी सकाळपास्नं तिचा हात धरून बसल्यालो. डॉक्टर दुपारी आलं. बघितलं आनि म्हणालं, जाऊन लय येळ झाला. मी म्हनलं, आवं, कसं शक्य हाय? हात ऊन हाय की. तवा त्यांनी तिचा दुसरा हात उचलून माझ्या हातात दिला. त्यो गार हुता."

"मग माझ्याकडचा तेवढा ऊन कसा ऱ्हायला, सर?"

बाहेर दुपारची एसटी वळत होती. तात्यांनी भांड्याला तळवा लावून बघितला.

"असू द्या," ते म्हणाले. "हे उद्या धुतो."