माल रवाना झाला आहे

जून उजाडला आणि दीपमालाचा घसा बसला तो बसलाच. पुण्यात वारज्याला एका खत कंपनीच्या हेल्पलाइनवर ती काम करायची. यंदा सकाळी कानाला हेडफोन लावला की संध्याकाळपर्यंत एकच प्रश्न: डीएपी खत कधी येणार? गावं वेगळी, आवाज वेगळे, प्रश्न तोच. तिचं उत्तरही ठरलेलं. "काका, माल रवाना झाला आहे. लवकरच आपल्या दुकानदाराकडे पोहोचेल."

हे वाक्य वरून लिहून आलं होतं. माल कुठूनही रवाना झालेला नाही, अजून बंदरातच उतरायचा आहे, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. सुरुवातीला हे वाक्य म्हणताना तिची जीभ अडखळायची. आता अडखळत नव्हती, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटायचं. पेरण्या तोंडावर आलेल्या. कुणी चिडायचं, कुणी शिव्या हासडायचं, कुणी नुसतंच "बरं ताई" म्हणून फोन ठेवायचं. त्या 'बरं ताई'ने ती जास्त थकायची.

ती लातूरकडची, औसा तालुक्यातली. कृषीची पदवी घेऊन पुण्यात आली ती माती तपासायच्या नोकरीवर. ती प्रयोगशाळा वर्षभरात बंद पडली आणि हे फोनचं काम मिळालं. वडिलांचं नाव उत्तरेश्वर. ते गावात सांगत, लेक खताच्या कंपनीत साहेब आहे. तिने त्यांना कधी दुरुस्त केलं नाही.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी एक फोन आला. पडद्यावर नंबर उमटला आणि तिचा हात थबकला. हा नंबर तिला झोपेतही आठवला असता.

"नमस्कार, आपली काय मदत करू?" सवयीने शब्द निघून गेले.

"मॅडम, पोत्यावर तुमचा नंबर हाय म्हणून लावला," उत्तरेश्वर म्हणाले. "डीएपी कवा येणार? दुकानदार रोज उद्या म्हणतंय. सोयाबीन पेरायचं खोळंबलंय."

त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. बसलेला घसा, त्यात ही शुद्ध, गुळगुळीत भाषा. ओळखणार तरी कसे? तिने ठरलेलं वाक्य उचललं. "काका, माल रवाना..." पुढचा शब्द काही केल्या फुटेना.

"मॅडम, ऐकू येतंय का?"

"येतंय."

"माझी लेक बी खताच्याच कंपनीत हाय, तिकडं पुण्याला. गाव मागं लागलंय, लेकीला सांगून दोन पोती काढा म्हणून. पर म्या तिला फोन केला नाही. तिला तरी कशाला तरास? तिच्या हातात असतं तर तिनंच केलं नसतं का?"

दीपमालाने डोळे मिटले. आजूबाजूच्या खुर्च्यांवरून तेच वाक्य चारी बाजूंनी ऐकू येत होतं.

"काका," ती म्हणाली, "डीएपीची वाट बघू नका. ते वेळेत येणार नाही. सुपर फॉस्फेट मिळतंय ना तुमच्याकडे?"

"ते हाय की. ढीग पडलाय. कुणी घेत नाही."

"तेच घ्या. डीएपीच्या एका पोत्याऐवजी सुपर फॉस्फेटची तीन पोती आणि सोबत अर्ध्या पोत्याहूनही कमी युरिया. सोयाबीनला गंधक लागतं, तेही त्यातून मिळतं. फक्त दोन्ही आदल्या दिवशी कालवून ठेवू नका, पाणी सुटतं. पेरतानाच कालवा."

पलीकडून पोत्यांचा हिशेब पुटपुटल्याचं ऐकू आलं.

"मॅडम, हे वरून सांगितलंय म्हणून बोलताय, का खरं?"

"खरं सांगतेय."

"मग ठीक हाय," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुपारी केदारने तिला बोलावलं. हेल्पलाइनचा प्रमुख तो, नारायण पेठेतला. हेल्पलाइनवरचे फोन ध्वनिमुद्रित होत आणि अधूनमधून तो ऐकत असे.

"कृषिसंचालक कधीपासून झालात आपण?" त्याने मान वर न करता विचारलं. "सुपर फॉस्फेट आपण विकत नाही, एवढं तरी माहीत असेल."

"ते माझे वडील होते."

केदारने मान वर केली. मग म्हणाला, "अहो, सगळेच कुणाचे ना कुणाचे असतात. म्हणून तर कागदावर लिहून देतात." त्याच्या आवाजात धार नव्हती, कंटाळाच होता. तिला लेखी समज मिळाली. तिने सही केली. वाद घालायला अंगात त्राणच नव्हतं.

संध्याकाळी खोलीवर पोचल्यावर तिने वडिलांना फोन लावला. ते खुशीत होते. "अगं, एक मॅडम भेटली फोनवर. चांगली होती बिचारी. सुपर फॉस्फेट घेऊन आलो बघ."

"बाबा, ती मीच होते."

त्यांना हसू येईल असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत.

"तू?" ते म्हणाले. "मला वळखू आलं नाही गं. लई दमलेलं बोलत होती ती बाई." मग हळूच विचारलं, "दिवसभर असंच बोलावं लागतं का तुला?"

"हो."

"साहेब नाहीस तू."

"नाही, बाबा."

"असू दे," ते म्हणाले.

उत्तरेश्वरांनी वेळेत पेरलं. त्यांचं बघून भावकीतल्या काही जणांनी सुपर फॉस्फेट उचललं. बाकीचे थांबले. डीएपी आलं तेव्हा सोयाबीन घोट्याएवढं झालं होतं, आणि आलं तेही प्रत्येक पोत्यामागे नको असलेली द्रवखताची एक बाटली गळ्यात मारून. हेल्पलाइनच्या कागदावरचं वाक्य मात्र बदललं. 'रवाना झाला आहे' जाऊन 'उपलब्धतेनुसार कळवण्यात येईल' आलं. कुणी बदललं ते कळलं नाही. केदारला विचारलं तर तो म्हणाला, "मराठी सुधारली, एवढंच."

दीपमाला अजून तिथेच आहे. दुसरीकडे अर्ज करते, उत्तर येत नाही. रविवारी वडिलांचा फोन येतो. ती "हॅलो" म्हणायच्या आत ते म्हणतात, "तू बोलू नको. मी बोलतो." मग ते शेंगा किती भरल्या, कुठल्या बांधाला पाणी तुंबलं, शेजाऱ्याची म्हैस कुठं शिरली ते सावकाश सांगत राहतात. ती उशीवर डोकं टेकून फोन कानाशी धरते आणि ऐकत राहते.