कावेरीचे बिबडे

कावेरी साक्रीकडून सिल्वासाजवळ आमच्या अथालच्या चाळीत आली, एकोणनव्वद साली. तिचा नवरा रघुनाथ खडोलीला धाग्याच्या कारखान्यात. एका पगारात भागेना, म्हणून लहानग्या मुलीला, मधुराला, गावी कावेरीच्या मोठ्या जावेकडे ठेवायचं त्याने ठरवलं. जावेला मूलबाळ नव्हतं. कावेरी हटून बसली. "एक उन्हाळा द्या मला. बिबडे करून विकते. पोर इथंच राहील." बरं, म्हणाला तो.

सिल्वासात कारखान्यांत खानदेशातली पोरं ढीगभर, गिऱ्हाईक हमखास. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवून आंबवायची, तीळ-लसूण घालून शिजवायची, ओल्या लुगड्यावर थापायची. गावी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला करतात, उन्हात खडखडीत होतात. बाईने इथंही तसंच केलं. जाड थापले, संध्याकाळी डबे भरले. मी शेजारीण, बोलल्याशिवाय राहवेना. "अगं बाई, इथली हवा दमट. साक्री नव्हे ही!" ऐकेल तर शपथ. "मालतीताई, आमच्याकडे असंच करतात," म्हणे.

पावसाळ्यात सगळ्या बिबड्यांना बुरशी आली. पोरांनी बिबडे परत आणले. एकाने तर ओट्यावर फेकले, मेल्याला लाज नाही वाटली! रघुनाथने मधुराचे कपडे पिशवीत भरले आणि तिला गावी सोडून आला.

मी म्हटलं, ते बिबडे उकिरड्यावर टाक आता. पण ही एकेक उलटा करून बघत बसली. "ताई, कडा चांगल्या आहेत. जिथं जाड थापलं, तिथंच बिघडलंय." पोर गेली आणि हिचं लक्ष बिबड्याच्या कडांकडे! मला असा राग आला. तरी तिच्या शेजारी बसून मीही एकेक उलटून बघू लागले.

पुढच्या वर्षी तिने होळीआधीच सुरुवात केली, पातळ थापले. ते लुगड्यावरून सोडवताना फाटले. "एवढं पातळही नको," एवढंच म्हणाली. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र जमले. पावसाळाभर कुरकुरीत राहिले, मागणी पुरी होईना. गणपतीत ती नवा फ्रॉक घेऊन मधुराला आणायला गेली.

परत आली ती एकटीच. मधुरा जावेचा पदर धरून म्हणाली होती, "मनी माय आठे शे." माझी आई इथं आहे. रघुनाथ म्हणाला, ओढून आणायची होतीस. हिच्याने ते झालं नाही.

माझ्या ओट्यावर बसून धाय मोकलून रडली हो. मलाही आवरेना. म्हटलं, नशीब गं बाई! तर डोळे पुसून माझ्यावरच खेकसली. "नशीब कसलं? गेले आणि लगेच उचलून आणायला निघाले, ते चुकलं माझं. दिवाळीत नुसती राहायला जाईन तिच्याजवळ."

दिवाळीत गेली, चार दिवस राहिली. मधुरा तेव्हाही आली नाही. एसटीपर्यंत पोचवायला मात्र आली.

"काही बोलली का गं?" मी विचारलं.

"'काकी' अशी हाक मारली मला," कावेरी म्हणाली. "मागच्या वेळी तेवढंही म्हणाली नव्हती."